द्राक्षाच्या ग्रुपवर नवीन माणूस घेताना आणि स्पॅम आवरताना

आमचा द्राक्षवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, निफाड-दिंडोरीकडचे जास्त आणि थोडे तासगावकडचे, सातशेच्या आसपास लोक. मी त्यातला एक अ‍ॅडमिन. परवा दुसऱ्या एका ग्रुपच्या अ‍ॅडमिनचा फोन आला, म्हणाले आमच्याकडे रोज शेअर मार्केटवाले नाहीतर लोनवाले घुसतात, तुमच्याकडे का नाही घुसत? त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कुणाला उपयोग झाला तर होईल.

आधी आमच्याकडेही घुसायचे. ग्रुपची लिंक कुणीतरी फेसबुकवर टाकलेली, एका प्रदर्शनाच्या पोस्टरवर पण छापलेली, म्हणजे दार सताड उघडंच. मग +84, +62 असले नंबर यायला लागले, घरबसल्या रोज पाच हजार कमवा वगैरे. तर पहिलं काम म्हणजे लिंक रीसेट करा, जुनी लिंक जिथं कुठं फिरत असेल तिथं ती मरते. दुसरं, ग्रुपच्या परमिशन्समध्ये जाऊन मेंबर अ‍ॅड करायचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनकडे ठेवा आणि नवीन मेंबरला अ‍ॅडमिनने अप्रूव्ह करायचं सेटिंग चालू करा. दोन मिनिटांचं काम आहे पण निम्मा कचरा इथंच थांबतो.

आता रिक्वेस्ट आली की ओळखायचं कसं? डीपीवर बागेचा फोटो असतो, नाव पण आपल्याकडचंच असतं, त्यावरून काही कळत नाही. आम्ही त्या नंबरला पर्सनलवर एकच प्रश्न विचारतो, दादा छाटणी कधीची आणि आज कितवा दिवस? ज्याची खरंच बाग आहे त्याला हे विचार करून सांगावं लागत नाही, तो लगेच लिहितो की आठ ऑक्टोबरची आहे, थॉमसन (द्राक्षाची जात), आज बाविसावा दिवस, ढगाळ वातावरण आहे आणि डाउनीची (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) भीती वाटतेय. एवढं वाचलं की मी डोळे झाकून अप्रूव्ह करतो. स्पॅमवाला एकतर उत्तर देत नाही नाहीतर 'येस सर जॉइन करा' असलं काहीतरी पाठवतो. उन्हाळ्यात खरड छाटणीचं विचारायचं. तुमचा ग्रुप कांद्याचा असेल तर रोपाचं विचारा, दुधाचा असेल तर फॅटचं विचारा, म्हणजे जे त्या कामातल्या माणसाच्या तोंडावर असतं आणि बाहेरच्याला सुचत नाही तेच विचारायचं.

पण यात एक सांभाळा. कृषी कॉलेजची पोरं येतात, किंवा पुढच्या वर्षी लागवड करायची म्हणून आत्तापासून शिकायला येणारा असतो, त्याच्याकडे छाटणीची तारीख कुठून असणार? तो सरळ सांगतो की बाग नाहीये, शिकायचंय. त्याला घ्यायचं, फक्त ग्रुपमधलं कुणी ओळखतं का ते विचारायचं. आणि आधार कार्ड किंवा सातबाऱ्याचा फोटो कुणालाही मागू नका, काही ग्रुपवर मागतात. लोकांची कागदपत्रं आपल्या फोनमध्ये साठवून ठेवायचा आपल्याला काय अधिकार? उद्या आपलाच फोन गेला तर?

माणूस आत आला की त्याचं नावाने स्वागत करायचं, गाव आणि व्हरायटी विचारायची, लगेच दोन-तीन जण त्याच्याशी बोलायला लागतात. नियम लांबलचक पाठवले तर कुणी वाचत नाही, आम्ही तीनच ओळी पाठवतो. टेलिग्रामवर एखाद्या नव्या मेंबरपुरतं मेसेज टाकणं बंद ठेवता येतं, व्हॉट्सअ‍ॅपवर तसं जमत नाही, म्हणून आम्ही रात्री दहाला ग्रुप फक्त अ‍ॅडमिनपुरता करतो आणि पहाटे पाचला उघडतो, कारण स्पॅम पडायचा तो बहुतेक रात्री आणि सकाळी फवारणीच्या घाईत लोक न वाचताच लिंक दाबायचे.

स्पॅम पडलाच तर वाद घालत बसू नका. आधी स्क्रीनशॉट, मग मेसेज सगळ्यांसाठी डिलीट (अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेजही काढता येतो), मग नंबर रिपोर्ट करून रिमूव्ह. सावध करायचं म्हणून तोच मेसेज दुसऱ्या ग्रुपवर फॉरवर्ड करणारे असतात, त्यांनी फक्त स्क्रीनशॉट पाठवावा, नाहीतर त्यातली लिंक किंवा फाइलच पुढं जाते.

आता खरी अवघड गोष्ट. डिसेंबरातली सकाळ होती, पाऊणे सहाला ग्रुपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी) आली आणि नंबर होता आमच्या पाच वर्षं जुन्या मेंबरचा, डाउनीवर सगळ्यात नेमका सल्ला देणारा माणूस. मी फोन केला तर ते डिपिंगच्या (घड औषधाच्या द्रावणात बुडवायच्या) मजुरांबरोबर बागेत, म्हणाले फोन खिशातच आहे, मी काहीच पाठवलं नाही. आदल्या रात्री त्यांनी कुठूनतरी आलेली तीच फाइल उघडलेली, हप्ता आला असेल म्हणून. वर्षाला दोन-दोन हजारांचे तीन हप्ते असतात, माणूस बघणारच ना. तोपर्यंत ग्रुपवर दोघांनी त्यांना नको ते बोलून घेतलेलं.

अशा वेळी माणसाला फोन करा, ग्रुपवर झापू नका. तात्पुरतं रिमूव्ह करा पण लगेच खाली लिहा की त्यांचा फोन हॅक झालाय, त्यांनी पाठवलेलं नाही, फाइल कुणी उघडली असेल तर सांगा, लाजू नका. मग त्यांना फोनचं इंटरनेट बंद करायला लावा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा, पैसे गेले असतील तर 1930 ला लगेच फोन करा, ते ॲप काढून टाका (निघत नसेल तर फोन रीसेट करा), व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस बघून अनोळखी असेल ते लॉगआउट करा आणि टू स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. आमच्या या भाऊंचे पैसे वाचले, पण ते महिनाभर ग्रुपवर एक शब्द बोलले नाहीत आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून आमचा नियम आहे, एपीके फाइल कुणीच टाकायची नाही, अ‍ॅडमिनने पण नाही.

फवारणीच्या औषधांच्या जाहिराती हा वेगळा विषय. दुकानदार आपल्यातलेच असतात, त्यांना सरसकट काढता येत नाही. पण 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात नाकारली गेली, त्यात किती बागायतदार बुडाले ते इकडच्या लोकांना सांगायला नको. म्हणून 'हमखास रिझल्ट' लिहिलेला बाटलीचा फोटो आला की आम्ही लेबलचा स्पष्ट फोटो मागतो, घटक आणि रजिस्ट्रेशन नंबर दिसला पाहिजे. नाही दिसला तर मेसेज डिलीट आणि त्यांना पर्सनलवर कारण सांगायचं. दुसऱ्यांदा झालं तर रिमूव्ह. अनोळखी व्यापारी जास्त भाव टाकतो तेव्हाही तेच, आधी त्याला माल दिलेले आणि पैसे मिळालेले दोन शेतकरी सांग म्हणायचं.

काही जण भीतीपोटी अ‍ॅडमिन व्हायला तयार होत नाहीत, कुणी काही टाकलं तर केस आपल्यावर येईल म्हणून. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलंय की दुसऱ्या मेंबरने टाकलेल्या आक्षेपार्ह पोस्टसाठी अ‍ॅडमिन केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून दोषी ठरत नाही, त्यात त्याचाही तोच हेतू दिसला पाहिजे. तरी वाईट मेसेज दिसला की लगेच काढायचा, ते आपलं कामच आहे.

अ‍ॅडमिन किमान तीन ठेवा, त्यातला एक तरी असा की जो सीझनमध्ये दिवसभर फवारणीवर नसतो, आमच्याकडे एक रिटायर्ड गुरुजी आहेत, दुपारचं सगळं तेच बघतात. आणि तिघांच्याही फोनला तो सहा आकडी पिन आजच लावून घ्या.