रिओ नेग्रोला निघण्याआधी

ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या रिओ नेग्रो नदीवर हाउसबोटीने पीकॉक बास गरवायला जायचं असेल, तर तयारी गळ-आमिषांपासून सुरू करू नका, पाण्यापासून करा. आपण उरण-रेवसच्या खाडीत जिताडा गरवायला जातो तेव्हा तिथी बघून उधाणाची मोठी भरती की भांगाची छोटी हे ठरवतो. रिओ नेग्रोला वर्षातून एकच भरती आणि एकच ओहोटी, पण केवढी! नदीकाठच्या मानाउस शहराच्या बंदरातल्या मोजपट्टीवर 2021 साली पाणी 30 मीटरच्या वर गेलं होतं आणि 2024 च्या ऑक्टोबरात ते 12 मीटरच्या आसपास उतरलं. पाणी चढलं की तुकुनारे, म्हणजे पीकॉक बास, बुडालेल्या जंगलात शिरतो आणि तिथे आमिष पोचत नाही. पाणी उतरलं की तो तळ्यांत आणि वाळूच्या कडांना सापडतो. म्हणून नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या बार्सेलोस गावाच्या बाजूला हंगाम ढोबळमानाने सप्टेंबर ते मार्च. उतरत्या पाण्यात मधेच वरचा पाऊस येऊन नदी फुगते, त्याला तिथले लोक ‘रेपिकेते’ म्हणतात आणि त्या दोनतीन दिवसांत मासा तोंड मिटतो. हाउसबोट ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारा की पाणी बिघडलं तर बोट दुसऱ्या उपनदीत हलवणार का. घरच हलतं, हाच तर हाउसबोटीचा खरा फायदा. जेवणाचे फोटो नंतर बघा.

मग पिवळ्या तापाची लस. ती निदान 10 दिवस आधी घ्यावी लागते आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवायचं. ब्राझीलहून परतताना ते नसेल तर मुंबई विमानतळावर उतरल्यावर विलगीकरणात जावं लागू शकतं. लस ठरावीक केंद्रांवरच मिळते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. साठी ओलांडलेल्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. हिवतापाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा. नेग्रोचं पाणी काळं आणि आम्लधर्मी, त्यामुळे डास कमी असतात, पण मुक्काम हिवतापाच्या प्रदेशातच आहे. व्हिसा आणि हौशी मासेमारीचा परवाना हाती आल्याशिवाय बाकीचे पैसे भरू नका. विम्यात रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला आहे ना, हे स्वतः वाचून बघा. बार्सेलोस मानाउसपासून सुमारे 400 किलोमीटर वर आहे आणि आपण असणार त्याच्याही आत.

आता आवडीचा भाग. साडेसहा ते सात फुटी दणकट रॉड दोन घ्या, दोन तुकड्यांत होणारे. मानाउसहून पुढच्या छोट्या विमानात सामानाचं वजन काटेकोर मोजतात. रीळवर 50 ते 65 पौंडांची विणलेली दोरी. हा मासा लांब पळत नाही, पहिल्याच झटक्याला बुडालेल्या झाडांत घुसतो, तिथे ढिली दोरी म्हणजे मासा गेलाच. पीकॉक बासच्या सर्वांत मोठ्या जातीचा जागतिक विक्रम 13.19 किलोचा आहे, 2010 चा. बाजारातल्या आमिषांच्या बारीक गऱ्या तो सरळ करून टाकतो, म्हणून जाड गऱ्या इथेच बदलून घ्या आणि त्यांच्या टोकाचे उलटे काटे पकडीने दाबून ठेवा. मागे पंखा असलेली मोठी लाकडी आमिषं चार आणि केसाळ जिग, म्हणजे वजनदार डोक्याचे केस बांधलेले गळ, दहाबारा, एवढं पुरतं. जिग कमी आणू नका, पिरान्हा त्यांचे केस कुरतडतात.

पण सगळ्यात जास्त तयारी खांद्याची हवी. सकाळी सहाला दोघं जण आणि वाटाड्या ॲल्युमिनियमच्या छोट्या होडीत बसतात, ते संध्याकाळीच हाउसबोटीवर परततात. दिवसभर ते पंख्याचं आमिष फेकून खेचायचं. मागच्या खेपेला मी सराव न करता गेलो. तिसऱ्या दिवशी मनगट सुजलं आणि पुढचा अख्खा दिवस मी दुसऱ्यांचे मासे बघत काढला. दोन महिने आधीपासून रविवारी खाडीवर तेच आमिष, तोच रॉड घेऊन दोन-दोन तास फेका. बोटांना चिकटपट्टी, पोलराइज्ड चष्मा, मानेला कापड, लांब बाह्यांचा शर्ट, हे विषुववृत्ताजवळच्या उन्हात चैनीचं सामान नाही. वाळूत उतरलात तर पाय घासत चाला, तळाशी शेपटीला विषारी काटा असलेले वागळे (स्टिंगरे) असतात.

जेवणात भात, घेवडा, मासे आणि फरिन्या, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्याचाच भरडा. शाकाहारी असाल तर पैसे भरतानाच कळवा. वाटाड्याला बक्षीस द्यायला सुटे रेआल, म्हणजे ब्राझीलचं चलन, मानाउसमध्येच घ्या.

एक शब्द पाठ करून या, ‘देवागार’, म्हणजे हळू. मासा सोडताना त्याच्या पोटाखाली हात धरा आणि तो स्वतः शेपटी मारेपर्यंत सोडू नका. दमलेल्या माशावर गुलाबी डॉल्फिन टपलेले असतात. पिल्लांची राखण करणारी जोडी दिसली, तर तिथे आमिष टाकूच नका.