तीन भडक रंग एकत्र वापरायचेत? आधी पैठणी पसरून बघा

तीन भडक रंग एकत्र म्हटलं की बरेच जण घाबरतात आणि शेवटी दोन तरी फिके करून टाकतात. मला वाटतं रंग भडक असण्यात काहीच बिघडत नाही, तिघांना सारखी जागा दिली की मग मारामारी सुरू होते. घरात पैठणी असेल तर पसरून बघा. अंगाचा रंग भरपूर, काठाला दुसरा रंग असेल तर तो त्याहून कमी, आणि तिसरा कुठे, तर पदरावरच्या मोराच्या पिसात नाहीतर मुनिया पक्ष्याच्या पंखात, चिमूटभर. डिझाइनवाले ६०-३०-१० टक्के म्हणतात ते साधारण हेच.

समजा घरगुती मसाल्याचा ब्रँड करताय आणि रंग ठरले मोरपंखी, रानी आणि हळदी पिवळा. तिघं कलर व्हीलवर, म्हणजे रंगांच्या चक्रावर, एकमेकांपासून लांब बसतात म्हणून वेगळे ओळखू येतात, पण तेवढ्याने भागत नाही, एक गडद एक मधला आणि एक उजळ असाही फरक लागतो. मोबाईलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा, दोन रंग एकाच राखाडीत गेले तर त्यातला एक गडद करा. रानी आणि मोरपंखीचं हमखास असं होतं, आणि मग मोरपंखीवर रानी अक्षरं टाकली की ती नुसती थरथरतात, वाचवत नाहीत.

अक्षरांसाठी गडद मोरपंखीवर पिवळा किंवा पिवळ्यावर गडद मोरपंखी, बास. पिवळ्यावर पांढरं चुकूनही नको. वेबसाइट असेल तर कॉन्ट्रास्ट चेकरमधे (अक्षर आणि मागच्या रंगाच्या उजळपणातला फरक मोजणारं ऑनलाइन साधन) छोट्या अक्षरांना निदान ४.५:१ आलं पाहिजे.

आणि दोन भडक रंग एकमेकांना चिकटवू नका हो! पैठणीत अंग आणि काठाच्या मधे जरीची रेघ येते ना, ती नुसती श्रीमंती दाखवायला नाही, ती दोन्ही रंगांना वेगळं धरून ठेवते. १९६५ मधे फ्रेंच फॅशन डिझायनर इव्ह सां लोराँने डच चित्रकार मोन्द्रियानच्या चित्रांवरून ड्रेस केले त्यातही लाल, निळा, पिवळा कडक आहेत पण मधे काळ्या पट्ट्या आणि भरपूर पांढरं. तुमच्या लेबलवर बारीक पांढरी पट्टी सोडली तरी काम होतं.

बारीक बारीक रेघांचं डिझाइन मात्र टाळा. धूपछाव साडीत ताणा म्हणजे उभा धागा एका रंगाचा आणि बाणा म्हणजे आडवा दुसऱ्या रंगाचा, लांबून डोळ्याला मिळून तिसराच रंग दिसतो. साडीत ते सुंदर आहे, पण पाकिटावर तुमचे तीन रंग मिसळून गेले तर दुकानाच्या फळीवर ओळखणार कोण?

कपड्यांना पण हाच हिशोब. मोरपंखी साडी, रानी ब्लाउज आणि केसात पिवळी शेवंती, झालं. त्यावर पिवळी पर्स, पिवळ्या बांगड्या, पिवळी चप्पल असं सगळं घातलं की चिमटीची मूठ होते. सोनं आणि जरीकाम रंगात मोजू नका, ती कशावरही चालतात.

आता प्रिंटिंग, इथे मी स्वतः पोळलेय. मावशीच्या लेबलसाठी मी स्क्रीनवरचा मोरपंखी तसाच पाठवला आणि छापून आला तो मळकट निळसर, दोनशे लेबलं वाया, मावशी काही बोलली नाही पण मला फार वाईट वाटलं. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, छपाई शाईने, आणि आरजीबीचं (स्क्रीनचे लाल, हिरवा, निळा) सीएमवायके (छपाईच्या चार शाया: सायन म्हणजे आकाशी निळा, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, यलो आणि काळा) करताना माझ्या मोरपंखीत मॅजेंटा आणि काळा शिरला होता. मोरपंखीत सायन आणि यलोच ठेवायचा, मॅजेंटा जवळजवळ शून्य. रानीचं उलट, तो मॅजेंटावरच उभा असतो, म्हणून छान येतो. निऑन छटा साध्या चार शायांत येतच नाहीत, त्यांना स्पेशल शाई लागते. म्हणून आधी ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर एक प्रूफ, म्हणजे नमुना, काढून घ्या, ट्यूबलाइटखाली बघा, मग बाहेर उन्हात नेऊन बघा, आणि दोन्हीकडे पटलं की मगच पुढची ऑर्डर द्या.