विनोदी मालिकेचा दिग्दर्शक व्हायचंय? आधी हशाशिवाय थांबायला शिका

नांदेड, परभणी, लातूरच्या केंद्रावर हौशी राज्य नाट्य स्पर्धा गाजवलेल्यांना वाटतं, विनोद येतोच, आता फक्त कॅमेरा शिकायचा राहिलाय. गोची तिथंच होते. नाटकात प्रेक्षक हसले की नट थांबतो. फ्लोअरवर, म्हणजे शूटिंगच्या सेटवर, टेक चालू असताना हसायची सगळ्यांना बंदी. त्यामुळे पंच (हशा आणणारं वाक्य) पडला की पुढचा नट लगेच वाक्य रेटतो, आवाज एकमेकांवर चढतात आणि एडिटरला कापायला जागाच उरत नाही. म्हणून नटांना सांगून ठेवा: पंचनंतर मनात दोन आकडे मोजा, मग बोला. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम. जास्तीची १२ फ्रेम, म्हणजे जवळपास अर्धा सेकंद, एडिटला उडवता येतात, न घेतलेली रिअ‍ॅक्शन कुठून आणणार?

एक सीन घ्या. जावई जेवताना सासूच्या पिठल्याला नावं ठेवतोय, सासू मागच्या दारात येते. आधी ठरवा, ती प्रेक्षकांना त्याच्याआधी दिसणार की त्याच्यासोबत? आधी दिसणार असेल तर दार मास्टरमध्ये (अख्खा सीन दाखवणाऱ्या वाइड शॉटमध्ये) हवं आणि तिची एंट्री त्याच्या पहिल्या-दुसऱ्या वाक्यालाच. मग तो जितका जास्त बोलेल तितकं हसू. सोबत दिसणार असेल तर दार फ्रेमबाहेर ठेवा, तो वळला की कट. दोन्हीची खिचडी केली की जोक गेला. तीन कॅमेरे असतील तर एक वाइड, एक बोलणाऱ्यावर, एक ऐकणाऱ्यावर. तिन्ही अक्षाच्या, म्हणजे दोन नटांना जोडणाऱ्या रेषेच्या, एकाच बाजूला. दोनच असतील तर वाइड आधी उरका, मग एक बोलणाऱ्यावर आणि दुसरा ऐकणाऱ्यावरच लावा. हसू बहुतेक वेळा तिथंच असतं.

जेवणाचे सीन कंटिन्युइटीवाल्याचा (शॉटगणिक सगळं जुळतंय ना, हे बघणाऱ्याचा) जीव काढतात. कुठल्या शब्दाला कुठला घास, भाकरी किती उरली, हे सीन पेपरवर लिहा आणि चार-पाच भाकरी जास्तीच्या मागवा.

शिक्षणासाठी संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, पुण्याला एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटचा टीव्ही दिग्दर्शनाचा एक वर्षाचा कोर्स आहे. पण पदवीवर फ्लोअर कुणी हातात देत नाही. आधी असिस्टंट: क्लॅप, कंटिन्युइटी, नटांना रेडी करून आणणं. मग असोसिएट, म्हणजे त्याच्या वरचा सहायक, आणि एखाद्या दिवशी दिग्दर्शक दुसऱ्या युनिटवर असला की दोन सीन तुमच्या गळ्यात. ते वेळेत काढलेत तर पुढचे मिळतात. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटं भरायची असतात, आणि डेलीसोपला दिवसाकाठी जवळपास एका भागाचा माल निघावा लागतो. सुंदर पण उशिरा, हे इथं चालत नाही.

बोलीबद्दल एक सांगायलाच हवं. मराठवाड्याचं पात्र आलं की लेखक ‘काय करायलास’ लिहून मोकळा होतो. नुसत्या हेलाला लोक चार भाग हसतात, पाचव्याला कंटाळतात. पात्राची खोड शोधा: पाव्हण्याला चहा घेतल्याशिवाय उठू न देणारा, पण साखर मात्र मोजून टाकणारा. तुमच्या कानावर हे रोज पडतं. मुंबईच्या लेखकाला ते शोधत फिरावं लागतं.

मुंबईला निघण्याआधी एका खोलीतली, दोन पात्रांची, पाच मिनिटांची फिल्म मोबाइलवर करून ठेवा. आणि चार महिन्यांचं भाडं गाठीला बांधा. शूटिंग गोरेगाव, ठाणे, मीरा रोड पट्ट्यात, आणि कामाचे पैसे बहुतेक ठिकाणी ९० दिवसांनी.