सड्यावर कॅमेरा घेऊन जाताय? या चुका टाळा

चांदोली, कोयना, कास फिरून आलेली मंडळी मला फोटो दाखवतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: "गवा दिसला, फोटोही स्पष्ट आलाय, पण त्यात जीव नाही." फोटो बघितला की कारण कळतं. लांब पल्ल्याची लेन्स लावून गव्याचं तोंड फ्रेमभर घेतलेलं असतं. तो चांदोलीतला की प्राणिसंग्रहालयातला, हे ओळखायला काहीच खूण नसते.

जंगल टिकावं म्हणून फोटो काढायचा असेल, तर जनावराबरोबर त्याचं घरही फोटोत यायला हवं. विल्यम हेन्री जॅक्सन यांनी १८७१ साली अमेरिकेतल्या यलोस्टोनचे फोटो काढले. ते तिथल्या संसदेच्या सदस्यांपुढे ठेवले गेले आणि १८७२ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं. त्या फोटोंत होते गरम पाण्याचे झरे, धबधबे, दऱ्या. न बघितलेली जागा लोकांना जपावीशी वाटली, ती जागा दिसली म्हणून. चांदोलीतल्या झोळंबीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर, गवे चरताना दिसले, तर आधी झूम मागे घ्या. वाळलेलं गवत, कडेची झाडी, मागची डोंगराची धार येऊ द्या. जवळचा फोटो नंतर घ्या, तोवर गवा थांबला तर.

गवा राखाडी का येतो?

कारण कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम उजेडाचं धरून चालतं. काळाभोर गवा फ्रेमभर आला की ते उजेड वाढवतं. काळा रंग फिका पडतो आणि पायांचा मोज्यासारखा पांढरा भाग नुसता पांढराफटक होऊन जातो. कॅमेऱ्यातलं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे १ वर आणा. पांढऱ्या आभाळासमोर फांदीवर बसलेल्या धनेशाचं नेमकं उलटं होतं, पक्षी काळा ठिपका होतो. तिथं अधिक १ करा. दाट झाडीत फोटो हलत असेल तर शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली जाऊ देऊ नका, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) खुशाल ३२०० पर्यंत चढू द्या. दाणेदार फोटो चालतो. हललेला फोटो मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरला नीट सरळ करता येत नाही.

फुलासाठी गुडघा टेकताना

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि ती आठवली की आजही वाईट वाटतं. कासला सीतेची आसवं फुलली होती. जांभळं फूल नखाएवढं, म्हणून नीट गुडघा टेकून, कोपर रोवून फोटो काढला. उठलो तेव्हा ओल्या मातीत गुडघ्याचा खळगा पडलेला, आणि त्या खळग्यात तशीच सहा-सात फुलं चिरडलेली. कासवर जांभ्या खडकावर मातीचा नुसता पातळ थर आहे. त्या निकस मातीत नत्र कमी, म्हणून हे झाड मुळाशी असलेल्या बारीक पिशव्यांत किडे पकडून जगतं. अशा जागी माणसाचं वजन फार होतं. आता मी पायवाट सोडत नाही. उघड्या खडकावर बसतो आणि बारीक गोष्टी मोठ्या दाखवणाऱ्या १०० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सने जेवढं मिळेल तेवढंच घेतो. मोबाईल असेल तर काठीला बांधून खाली न्या. आड येणारं गवत उपटू नका, थोडं सरकून कोन बदला.

घरटं दिसलं, आता काय करायचं?

परत फिरायचं. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, बाहेर फक्त एक फट ठेवते. उन्हाळाभर नर त्या फटीतून तिला आणि पिलांना फळं भरवतो. झाडाखाली आपण तळ ठोकला की नर चोचीत फळ धरून लांबच्या फांदीवर बसून राहतो आणि आत भूक वाढत जाते. आपल्या कार्डावर मात्र "छान" फोटो जमा होतात. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं हीदेखील त्याची फसवणूकच. आपल्या हद्दीत परका नर शिरला असं समजून तो खाणं सोडून धावून येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कळीत करणं आणि आमिष दाखवणं शिकारीच्या व्याख्येतच येतं. हे कित्येक हौशी लोकांना माहीतच नसतं.

पावसाळ्यातल्या बेडकांचंही तेच. कोयनेचा टोड १९६३ मध्ये याच खोऱ्यातून जगाला कळला. तो हातात धरून, पानावर बसवून, डोळ्यांवर फ्लॅश मारून काढलेला फोटो स्पर्धेत चालेलही, पण त्यात त्या टोडचं जगणं कुठंच दिसत नाही. भेटला तिथंच, भेटला तसाच घ्या.

लेन्सवर वाफ धरते? एसी गाडीतून थेट धुक्यात उतरल्यावर धरणारच. पोहोचण्याआधी वीस मिनिटं एसी बंद करा आणि कॅमेरा बॅगेतच असू द्या. सदऱ्याने पुसू नका.

दुर्मीळ फूल किंवा घरटं टाकताना ठिकाण सांगू नका. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर त्यातली ठिकाणाची नोंदही सोबत जाते. कंदीलपुष्प या रानफुलाच्या काही जातींचे कंद खाण्यासाठी उकरले जातात, हे ध्यानात ठेवा.

आणि फोटो फक्त फोटोवाल्यांच्या ग्रुपवर ठेवू नका. एकदा चांदोलीच्या जंगलातली गावं सोडून आलेल्या लोकांच्या सपाटीवरच्या एका वसाहतीत मी मोबाईलवर फोटो दाखवत होतो. गव्याचा जवळचा फोटो एका आजोबांनी बघितला आणि पुढं सरकवला. त्यानंतरच्या फोटोत सडा होता, लांब बारीक गवे, आणि कडेला गवतात बुडालेली दगडांची रांग. मला ती रांग दिसलीही नव्हती. आजोबांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे आमच्या देवळाचं जोतं. गवं आता तिथं चरत्यात व्हय? चरू द्या." मग त्यांनी त्या फोटोची मोठी प्रत मागितली, घरात लावायला.