वजन किती उतरवायचं आणि कधीपर्यंत? गावात राहून पेलेल असं ध्येय कसं ठरवावं

"दोन महिन्यांनी लग्न आहे, तोवर पंधरा किलो उतरवायचंय," असं म्हणणारी माणसं आता विदर्भाच्या खेड्यापाड्यांतही भेटतात. वावरात जायला मोटरसायकल आली, डवऱ्यामागे चालणं तणनाशकाच्या फवाऱ्यानं कमी केलं, मळणी यंत्रावर गेली. ताटातली भाकर मात्र होती तेवढीच राहिली, वर चहाची साखर आणि बाजारातला आलुभोंडा आला. वजन वाढलं यात नवल नाही. ते उतरवायचं ठरवताना लोक आकडा मोठा धरतात आणि मुदत छोटी, आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं सोडून देतात.

माझं म्हणणं असं की किलोचा आकडा लहान ठेवावा, मुदत शेतीच्या आणि सणावारांच्या हिशोबानं धरावी, आणि रोज पाळायच्या गोष्टी दोन-तीनच ठेवाव्यात.

पायरी १ : खरंच कमी करायचंय का, ते बघा

हे विचारायचं कारण आहे. मेळघाटात, गडचिरोलीत आणि इतरही अनेक गावांत वजन कमी असणं हाच आजार आहे. रक्त कमी असलेल्या, रोडावलेल्या बाईनं शेजारणीचं पाहून जेवण तोडायला घेतलं तर नुकसानच होईल.

हिशोब सोपा आहे. वजन किलोत घ्या, त्याला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागा. येणाऱ्या आकड्याला बीएमआय म्हणतात. आपल्या भारतीयांसाठी १८.५ ते २२.९ ठीक, २३ च्या पुढे जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. गणित नको असेल तर वरची मर्यादा अशी लक्षात ठेवा : पाच फूट उंचीला साधारण ५३ किलो, पाच फूट तीन इंचाला ५९, पाच फूट सहा इंचाला ६४-६५, पाच फूट नऊ इंचाला ७०.

कंबरही मोजा, कारण हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे, असे पुरुष आपल्याकडे भरपूर. शिंप्याकडचा टेप घ्या. खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंच आणि बायकांत ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच, याच्या वर असेल तर काम करायला हवं. आशाताई तीस वर्षांपुढच्या लोकांचा फॉर्म भरायला येतात तेव्हा कंबर मोजून घेतात. त्या वेळी लाजून "राहू द्या ना ताई" म्हणू नका. उपकेंद्रात बीपी आणि शुगरही त्याच फेरीत तपासून घ्या.

काही जणांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करूच नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, अठराच्या आतली मुलं, टीबीचे रुग्ण, इन्सुलिन घेणारे किंवा ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळ्या घेणारे (जेवण कमी केलं आणि गोळी तेवढीच राहिली तर साखर एकदम खाली जाते). पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांनी कडक उपास, पाण्याविना राहणं आणि उन्हातला दमवणारा व्यायाम टाळावाच. त्यानं दुखण्याचा झटका येऊ शकतो. आणि काही न करता वजन आपोआप उतरत असेल, तर खूश होऊ नका, तपासणी करा.

पायरी २ : आकडा लहान धरा

समजा पाच फूट उंचीच्या एका बाईंचं वजन ६८ किलो आहे. तक्त्याप्रमाणे ५३ हवं. म्हणजे पंधरा किलो जास्त! हा आकडा ऐकूनच माणूस बसतो. तो बाजूला ठेवा. आहे त्या वजनाच्या पाच टक्के, इथे साधारण साडेतीन किलो, एवढंच पहिलं ध्येय. पाच ते दहा टक्के वजन उतरलं तरी बीपी आणि शुगरवर चांगला फरक पडतो, गुडघ्यांवरचा भार हलका होतो. पंधरा किलोचा विचार पुढे कधी तरी, टप्प्याटप्प्यानं.

वेग आठवड्याला पाव ते अर्धा किलो. यापेक्षा जास्त सांगणारा माणूस बहुतेक काही तरी विकत असतो. बाजाराच्या भिंतीवरच्या "महिन्यात दहा किलो"च्या जाहिराती आणि बिनानावाची चूर्णं यांच्या वाटेला जाऊ नका. त्या पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही नेमकं ठाऊक नसतं.

पायरी ३ : मुदत कॅलेंडर बघून ठरवा

इंटरनेटवरच्या योजना सगळे महिने सारखे धरतात. आपल्याकडे ते चालत नाही. मृग लागला की पेरणी, मग निंदण, सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला संध्याकाळी आणखी फिरायला जा म्हणणं शहाणपणाचं नाही. तिला त्या दिवसांत चालणं नको, ताटात वरण जास्त हवं. एप्रिल-मे मध्ये लग्नसराई आणि आमरस, वर पंचेचाळीस अंशांचं ऊन. भाद्रपदात महालक्ष्म्यांचं जेवण, पुरण आणि त्यावर तुपाची धार.

म्हणून मला संक्रांत ते गुढीपाडवा हा काळ सगळ्यांत चांगला वाटतो. नऊ ते तेरा आठवडे मिळतात, कामं बऱ्यापैकी उरकलेली असतात, सकाळी थंडी असते, आणि पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर), मुळे, वालाच्या शेंगा स्वस्त मिळतात. दुसरा बरा काळ पेरणी आटोपून पोळ्यापर्यंतचा. ज्याला मजुरी बारमाही आहे त्यानं हे दोन्ही सोडून आपला कमी कामाचा महिना शोधावा.

लग्नसराईत ध्येय बदला : "कमी करायचं" याऐवजी "वाढू द्यायचं नाही". हेही ध्येयच आहे आणि ते पाळणं सोपं नाही.

पायरी ४ : ताटात नेमकं काय कमी करायचं

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोज तीनेकशे कॅलरी कमी पडल्या तर आठवड्याला पाव किलोच्या थोडं वर उतरतं. ह्या तीनशे कुठून काढायच्या?

पहिलं तेल, कारण तिथे चटकन हाताला लागतं. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. तर्रीवर तरंगणारा लाल थर, झुणक्याच्या कढईत तळाशी उरलेलं, वांग्याच्या भाजीच्या कडेनं सुटलेलं, हे सगळं तेच. घरात पंधरा किलोचा पिपा असला की किती जातंय हे कोणालाच कळत नाही. त्यावर उपाय : महिन्याच्या एक तारखेला पिप्यातून दोन लिटर तेल वेगळ्या बाटलीत काढा. चार माणसांच्या घराला माणशी अर्धा लिटर पुरतं. बाटलीवर चिकटपट्टीनं चार खुणा करा, आठवड्याला एक खूण. पहिल्या महिन्यात तिसऱ्या आठवड्यातच बाटली रिकामी झाली तर घाबरू नका, किती जात होतं ते तरी समजलं. सावजी रस्सा खायचा असेल तर जरूर खा, पण महिन्यातून एकदा, आणि वरचं तेल पळीनं बाजूला काढून.

दुसरी साखर. चहाला एक चमचा साखर म्हणजे वीस कॅलरी. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे धरले तर साखरेच्याच १६० झाल्या. गावात चहा नाकारणं अवघड, हे मान्य. आधणातच साखर पडलेली असते, "माझ्यात कमी टाका" म्हणून उपयोग नाही. मग अर्धा कप घ्या. किंवा "आत्ताच घेतला ना जी" हे वाक्य पाठ ठेवा. गूळ घातला म्हणून कॅलरी कमी होत नाहीत, हा गैरसमज फार पसरलाय.

तिसरी भाकर, पोळी किंवा भात. इथे माझं मत जरा वेगळं आहे : भाकर बंद करू नका. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी हे चांगलंच जेवण आहे. प्रश्न मापाचा आहे. शंभर ग्रॅम पिठाच्या जाड भाकरीत साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात. दोन वेळांत मिळून अर्धी भाकर कमी करा आणि तेवढी जागा भाजीनं भरा. भंडारा-गोंदियाकडे भात खाणाऱ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं ते एक वेळ थांबवावं. एक चमचा तेल, चार चमचे साखर आणि अर्धी भाकर, झाल्या साडेतीनशेच्या वर.

घरातल्या बायांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. त्या शेवटी जेवतात, आणि पातेल्यात उरलेला भात, पोरानं टाकलेली अर्धी पोळी "वाया कशाला" म्हणून त्यांच्याच पोटात जाते. आपलं ताट आधी वाढून झाकून ठेवा. उरलेलं सकाळी फोडणीला टाकता येतं, गाईला घालता येतं.

कमी खाताना प्रथिनं कमी होऊ देऊ नका, नाही तर चरबीबरोबर मांसही झडतं. घट्ट वरण, बरबटी (चवळी), मोट (मटकी), हरभऱ्याची उसळ, मठ्ठा, चालत असतील तर अंडी. शिवाय ज्या सोयाबीनच्या भावावरून दरवर्षी आंदोलन होतं, ते पिकवणाऱ्याच्या घरात क्वचितच शिजतं. पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. घरचं सोयाबीन पिठात मिसळायचं असेल तर कच्चं दळू नका. उकळत्या पाण्यात वीसेक मिनिटं शिजवा, खडखडीत वाळवा, मग नऊ किलो गहू किंवा ज्वारीला एक किलो या मापानं दळून आणा.

उपासाचं काय? साबुदाण्याची उसळ, तळलेले पापड आणि वर फल्लीदाण्याचा लाडू खाऊन केलेल्या उपासानं वजन वाढतंच. देवासाठी उपास करा, वजनासाठी नको.

आणि पाहुणचार. मामी "एवढ्यानं काय होते जी, आणखी एक घ्या" म्हणत ताटावर पोळी धरून उभी राहिली की आपला निश्चय गळतो. आधीच पहिली पोळी अर्धी करून मागा, सावकाश खा, आणि शेवटी "मामी, मठ्ठा वाढा ना" म्हणा. काही तरी मागितलं की वाढणाऱ्याचं समाधान होतं.

पायरी ५ : पाय किती चालवायचे

आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास झपझप चालणं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग. सत्तर किलोच्या माणसाचे अर्ध्या तासात सव्वाशे-दीडशे कॅलरी जळतात. एका आलुभोंड्यानं ते सगळं भरून निघतं. म्हणून नुसत्या चालण्यावर भिस्त ठेवू नका.

जागा आधी ठरवा. डांबरी रस्त्यावर पहाटे ट्रक-ट्रॅक्टर धावतात, पावसाळ्यात पांदणीत चिखल आणि साप. जिल्हा परिषद शाळेचं मैदान सगळ्यांत चांगलं. बायकांनी चौघी-पाच जणी मिळून जावं. एकटीला लोक टोमणे मारतात, पाच जणींना मारत नाहीत. मे महिन्यात साडेसहाच्या आत घरी परत या. पाऊस असेल तर छपरीत सूर्यनमस्कार.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचं काम हवं. बाजेवर बसून हात न टेकता उठायचं, दहा-बारा वेळा. भिंतीला हात लावून जोर. भरलेल्या दोन बादल्या घेऊन अंगणात फेऱ्या. गुडघे दुखत असतील तर बैठका राहू द्या.

पायरी ६ : लिहा आणि मोजा

ध्येय एका वाक्यात लिहून भिंतीवर लावा. उदाहरणार्थ : "पाडव्यापर्यंत साडेतीन किलो. तेलाची बाटली महिनाभर पुरवायची. चहा दोनच. आठवड्यातून पाच दिवस शाळेच्या मैदानावर."

वजन आठवड्यातून एकदाच करा. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी, काही खाण्याआधी, शौचाला जाऊन आल्यावर. काटा नेहमी तोच. घरचा छोटा काटा सारवलेल्या जमिनीवर किंवा उंचसखल फरशीवर ठेवला तर दर वेळी वेगळं दाखवतो. पिठाच्या चक्कीवर धान्य मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा असतो, तो जास्त भरवशाचा. चक्कीवाला आधी हसेल, मग स्वतःही उभा राहील.

पहिल्या आठवड्यात किलो-दीड किलो उतरलं तर त्यात बरंचसं पाणी असतं. पुरणपोळीच्या दुसऱ्या दिवशी किलोभर वाढलं तर तेही बहुतेक पाणीच. पाळीच्या आधीही काटा थोडा वर जातो. म्हणून चार आठवड्यांचे आकडे एकत्र बघा, आणि महिन्यातून एकदा टेपनं कंबर. वजन थांबलं पण कंबर एक इंच उतरली असेल तर काम बरोबर चाललंय.

चार आठवडे वजनही हललं नाही आणि कंबरही नाही, तर आधी तेलाची बाटली तपासा, मग चहा मोजा. दोन्ही ठीक असेल तर चालणं दहा मिनिटांनी वाढवा. तरीही काहीच हललं नाही, अंगावर सूज, थकवा, केस गळणं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि थायरॉइडची तपासणी करायची का, ते विचारा.

पाडव्याला साडेतीनऐवजी दोनच किलो उतरले तर मुदत वाढवायची, जेवण आणखी तोडायचं नाही. ध्येय गाठलं तर लगेच पुढचं लावू नका. लग्नसराईभर आहे ते वजन टिकवा, बाजाराच्या दिवसाचं मोजणं चालू ठेवा, आणि पुढचे पाच टक्के पेरणी आटोपल्यावर ठरवा.