यंत्राशी आपण माणसासारखे वागतो का, हे कसे तपासावे

संगणकाला भावना नसतात हे ठाऊक असूनही आपण त्याच्याशी सौजन्याने वागतो, आणि हे केवळ अजाण लोकांकडूनच घडते असा समज आधी सोडून द्यावा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्लिफर्ड नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत संगणक हाताळण्याची सवय असलेले विद्यार्थी होते. तरीही ज्या संगणकाने शिकवले त्यानेच स्वतःविषयी मत विचारले तेव्हा, दुसऱ्या संगणकावर किंवा कागदावर दिलेल्या उत्तरांपेक्षा, त्यांची उत्तरे अधिक अनुकूल निघाली.

हाच आराखडा लहान प्रमाणावर वापरता येतो. परिचितांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत, दोन्ही गटांना एकाच चॅटबॉटकडून एकच विषय समजून घ्यायला सांगावे आणि नंतर एका गटाचे मत त्याच चॅटबॉटमार्फत, तर दुसऱ्याचे छापील कागदावर घ्यावे. प्रश्नांचे शब्द तंतोतंत सारखे हवेत. ‘तुम्ही यंत्राशी नम्रपणे वागता का?’ असे थेट विचारण्यात अर्थ नाही, कारण नास यांच्या सहभागींनीही ते साफ नाकारले होते.

अर्थ लावताना, माझ्या मते, खरी कसोटी लागते. भाषा, प्रतिसाद आणि माणसाने करायची भूमिका ही चिन्हे दिसली की सवयीचे सामाजिक नियम आपोआप लागू होतात, असे नास यांचे स्पष्टीकरण आहे. परंतु हा मान प्रत्यक्षात प्रोग्रामरला दिला जात असेल, अशी शंका उरते. ती तपासण्यासाठी तिसरा गट घेऊन त्याला सर्व सूचना प्रोग्रामरच्या नावे द्याव्यात. मोजकीच माणसे असतील तर निष्कर्ष तात्पुरता समजावा.