आजोबांच्या बोटीचा इतिहास कसा लावावा

कोकणातल्या कितीतरी घरांत ट्रंकेच्या तळाशी नौदलाची सेवापुस्तिका पडून असते. माझे आजोबा ‘बंगाल’ या माइनस्वीपरवर, म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या बोटीवर, स्टोकर (बॉयलर सांभाळणारे खलाशी) होते. त्यांच्या पुस्तिकेवरून मी त्या बोटीचा युद्धकाळ लावला. तुमच्याही घरी अशी पुस्तिका असेल, तर सुरुवात कशी करायची ते सांगते.

आधी पुस्तिकेतली बोटींची नावं आणि तारखा वहीत उतरवून घ्या. सगळीच नावं तरंगणाऱ्या बोटींची नसतात. ‘तलवार’ म्हणजे कुलाब्यातली सिग्नल स्कूल, पक्क्या जमिनीवरची. आणि ‘बॉम्बे’ दिसलं तर थांबाच. ते बंदर असेल, नाहीतर ‘बंगाल’ची सख्खी बहीण, म्हणजे त्याच नमुन्याची बोट, एचएमआयएस बॉम्बे (एचएमआयएस म्हणजे ‘हिज मॅजेस्टीज इंडियन शिप’). मागच्यापुढच्या तारखा जुळवल्याशिवाय ठरवू नका.

मग बोट कुठे बांधली ते शोधा. ‘बंगाल’ सिडनीच्या कोकाटू बेटावरच्या गोदीत बांधली. २८ मे १९४२ ला पाण्यात उतरली, ८ ऑगस्टला सेवेत आली. ऑस्ट्रेलियात बॅथर्स्ट वर्गाच्या, म्हणजे त्या एकाच नमुन्याच्या, ६० बोटी झाल्या. त्यातल्या चार आपल्या नौदलाच्या: बंगाल, बॉम्बे, मद्रास, पंजाब. वर्ग कळला की खूप दारं उघडतात. ‘बंगाल’ आज नाही, पण त्याच वर्गाची ‘कॅसलमेन’ मेलबर्नजवळ विल्यम्सटाउनला जपून ठेवलेली आहे. तिच्या इंजिनरूमचे फोटो पाहिले तेव्हा आजोबा कुठल्या उकाड्यात, किती अरुंद जागेत उभे राहायचे ते मला पहिल्यांदा दिसलं.

आता लढाईचा दिवस. इथे घाई करू नका. ११ नोव्हेंबर १९४२. ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडे निघालेल्या ‘ओंडिना’ या डच टँकरला ‘बंगाल’ सोबत करत होती. कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला ‘होकोकू मारू’ आणि ‘आइकोकू मारू’ ही दोन जपानी जहाजं चालून आली. प्रत्येक दहा हजार टनांच्या वर. ‘बंगाल’ साधारण साडेसहाशे टनांची. ‘बंगाल’चे लेफ्टनंट कमांडर विल्सन यांनी बोट सरळ शत्रूवर घातली. होकोकू मारू पेटली, स्फोट झाला, बुडाली.

या दिवसासाठी वहीत दोन रकाने पाडा: ‘दिसलं’ आणि ‘नंतर कळलं’. आजोबांना शेवटपर्यंत वाटत होतं की ओंडिना बुडाली. ते खोटं सांगत नव्हते. ‘बंगाल’ला तसंच दिसलं, आणि ती दिएगो गार्सियाला निघून गेली. प्रत्यक्षात ओंडिनाचे कॅप्टन मारले गेले, होड्यांत उतरलेल्या खलाशांवर गोळीबार झाला, पण आइकोकू मारू गेल्यावर उरलेले लोक पुन्हा जहाजावर चढले, आग विझवली आणि जहाज फ्रीमँटलला परत नेलं. तेव्हा घरातली आठवण खोडू नका, पहिल्या रकान्यात ठेवा. शत्रूला लागलेला निर्णायक गोळा ओंडिनाच्या तोफेचा की ‘बंगाल’च्या, यावर डच आणि भारतीय कथनांत फरक आहे. एक निवडून दुसरं गाळू नका. कोण सांगतंय ते लिहून दोन्ही ठेवा.

वेळा उतरवताना घड्याळ कुठलं, स्थानिक की ग्रिनिचचं, तेही टिपा. नाहीतर एकच गोळा दोनदा सुटल्यासारखा दिसतो.

कागदपत्रांसाठी दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडनजवळचं क्यू इथलं अभिलेखागार. क्यूला ‘एडीएम १९९’ या मालिकेत युद्धकाळातले अहवाल आहेत. लहान बोटींची लॉगबुकं (रोजच्या नोंदींच्या वह्या) फारशी उरलेली नाहीत, म्हणून सोबतच्या जहाजाचे कागद आवर्जून बघा. माझं निम्मं काम ओंडिनामुळे झालं.

आणि त्या एका दिवसावर थांबू नका. माइनस्वीपरचं रोजचं काम म्हणजे मागे तार ओढत सुरुंगाचा दोर कापायचा, सुरुंग वर आला की गोळी घालून फोडायचा. कागदांत याला जेमतेम एक ओळ मिळते. त्या ओळीसुद्धा तारखेवार उतरवा. १९५० मध्ये एचएमआयएस जाऊन आयएनएस झालं, तेव्हा पुढचा शोध नव्या नावाने घ्या. ‘बंगाल’ १९६० मध्ये मोडीत निघाली. माझ्या वहीतली शेवटची नोंद तीच.